बोरसांगवीचा सारा माफ

संपादकांनी मला टायपिंगवर लिहायला सांगितलं होतं. नांदेडला शिवाजीनगरात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि आसपासच्या निम्म्या कचेऱ्यांमधल्या कारकुनांची बोटं मी वळवलेली आहेत, हे खरं. पण टायपिंगच्या धंद्यात काही घडत नाही. मुलं येतात, ए-एस-डी-एफ बडवतात, परीक्षा देतात, पेढे आणून देतात आणि जातात. माझ्याकडे जे काही घडलं ते मशिनी भंगारात गेल्यावर, कॉम्प्युटर आल्यावर. म्हणून टायपिंग बाजूला ठेवून मी राज्यकारभारावर लिहिते. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

कॉम्प्युटर घेतले तेव्हा पाटी बदलायला पैसे उरले नव्हते, त्यामुळे बाहेर 'टायपिंग इन्स्टिट्यूट' आणि आत नेट कॅफे असा कारभार सुरू झाला. मग जो तो खिशात फोन घेऊन फिरायला लागला आणि नेटसाठी येणारं गिऱ्हाईक आटलं. मागे उरले फक्त गेमवाले. कॉलेजची पोरं, सगळी एकाच गेमच्या मागे. गेमचं नाव सांगत नाही, उगीच कुणाची फुकट जाहिरात कशाला. एक मोठा नकाशा, त्यात प्रांत, आणि एकेक प्रांत जिंकून राज्य वाढवायचं. सगळी हालवाहालव झाली की एक बटण दाबायचं, म्हणजे एक 'टर्न' संपली. टर्न संपली की हंगाम उलटतो, कर गोळा होतो, फौजेचे पगार होतात.

मला तो गेम शिकावा लागला, कारण भांडणं माझ्याकडे यायची. "मॅडम, ह्यानं माझा प्रांत घेतला," म्हणून एखादा दाढीमिशीवाला रडकुंडीला आलेला असायचा. न्याय द्यायचा तर कायदा माहीत पाहिजे. दुपारी पोरं कॉलेजात असली की मी चहा घेऊन बसायची आणि दोन-चार गावं लुटायची.

गजानन आणि इम्रान हे माझे नेहमीचे. गजानन बोरसांगवीचा, इम्रान पिंपळदरीचा. ही दोन गावं शेजारशेजारची, मधे एक ओढा, आणि ओढ्याइतकंच जुनं वैर. दोन्ही नावं मी बदलली आहेत, कारण दोन्हीकडे माझे विद्यार्थी आहेत आणि एकीकडे माझी सून आहे. पोरं मात्र नांदेडला एका खोलीत राहायची, एका ताटात जेवायची आणि गेममध्ये एकच राज्य मिळून चालवायची. गजानन लढायचा. इम्रान जहाजं आणि व्यापार बघायचा. कर कुणीच बघायचं नाही.

एक दिवस गजाननने हाक मारली. "मॅडम, कॉम्प्युटर बिघडला. एवढे प्रांत जिंकले अन् खजिना रिकामा दाखवून राहिला."

मी पाहिलं. कॉम्प्युटर ठणठणीत होता.

"गजानन, प्रांत जिंकला म्हणजे कर सुरू झाला असं नसतं. नवीन जिंकलेली माणसं रागात असतात. हे बघ, प्रांताच्या नावापुढे तोंड असतं. हिरवं म्हणजे खूश, पिवळं म्हणजे धुसफूस, लाल म्हणजे आज ना उद्या बंड. ती रागात आहेत म्हणून तू तिथं फौज बसवलीस. त्यांच्याकडून येतो तो कर कमी आणि फौज खाते ते जास्त."

"मग कर वाढवतो की."

प्रत्येक प्रांताला एक पट्टी असते. माऊसने सरकवली की कर कमी, मध्यम, जास्त, अतिउच्च. गजाननने तीन प्रांतांत ती थेट टोकाला नेली. तीन तोंडं लाल झाली.

"आणि तुझे लांबचे प्रांत बघ," मी म्हटलं. "अर्धापूरची केळी नांदेडला येतात तेव्हा घड शाबूत असतो. तोच घड पार हिमायतनगरच्या पुढे पाठव. वाटेत भेटेल तो दोन-दोन केळी तोडणार. कराचं तसंच आहे. राजधानीपासून प्रांत जितका लांब, तितकी गळती जास्त."

गजाननने बराच विचार केला. "मग मॅडम, जिंकायचंच कशाला?"

"ते मला नाही माहीत बाबा. मी टायपिंगची बाई."

ह्याच सुमाराला लोणेसाहेब आले. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तोच हा उन्हाळा. साहेब महसूल खात्यात अव्वल कारकून, पन्नाशी उलटलेली, अंगाने काडी, खिशाला टोपणाचं पेन. त्या दिवसांत त्यांच्याकडे टँकरच्या खेपांचं काम होतं. कचेरीतला प्रिंटर बंद पडला म्हणून रविवारी सकाळी पेनड्राईव्ह घेऊन आले.

"जयभीम मॅडम. एवढी प्रिंट काढून द्या."

प्रिंट निघेपर्यंत ते गजाननच्या मागे जाऊन उभे राहिले.

"हे लाल तोंड कशाचं?"

"लोक भडकून राहिले साहेब. दुष्काळ पडला तिथं."

"जाहीर झाला का?"

"गेमनंच जाहीर केला. हे बघा, मोडक्या नांगराचं चित्र."

"मग वसुली कशी काय चालू? स्थगिती नाही दिली?"

"स्थगिती दिली तर फौजेला पगार कुठून देऊ?"

साहेबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मी एवढ्या वर्षांत पुष्कळ माणसं खुर्चीत बसताना पाहिली, पण इतक्या गंभीरपणे कुणी बसलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, गजाननच्या हातातून माऊस घेतला आणि विचारलं, "कमी कुठून होतो?"

पट्टी खाली आली. दोन टर्ननंतर तोंड पिवळं झालं. साहेब खुर्चीत मागे टेकले. टँकरच्या प्रिंटा त्यांनी दुसऱ्या दिवशी नेल्या.

तेव्हापासून दर सुट्टीला साहेब हजर. पोरांनी त्यांना महसूलमंत्री केलं, तर म्हणाले, "मंत्री नको. अव्वल कारकूनच ठेवा. मंत्र्याला सही करावी लागते." त्यांची काम करायची रीत पोरांना वेड लावायची. गजाननला कुठं चढाई करायची असली की साहेब विचारायचे, "आधी घेतलेल्याचं काय झालं?" एखादा प्रांत जळाला की, "पंचनामा कोणी केला?" इम्रान डोक्याला हात लावायचा. "साहब, इसमें पंचनामे का बटनच नै है!"

"मग तोंडी विचारा," साहेब म्हणायचे.

पण राज्य सुधारलं, हे कबूल करायला पाहिजे. कर कमी झाला तशी माणसं वाढली. माणसं वाढली तसे बाजार भरले. जिथं फौजेची गरज उरली नाही तिथली फौज साहेबांनी हळूहळू घरी पाठवली. थोड्या दरानं पुष्कळ जणांकडून येणारा कर, जबर दरानं चार जणांकडून येणाऱ्या करापेक्षा जास्त भरला. खजिना वर आला. इम्रानने खुशीत जहाजांचा नवा ताफा बांधायला घेतला आणि साहेबांनी त्याच्याकडे तीन ठिकाणचे दर मागितले.

एकदा पोरं चहाला गेली होती तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, कचेरीत मी कागद वर पाठवतो. वरचे आणखी वर पाठवतात. पुढं त्या कागदाचं काय होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. इथं बोट हलवलं की तोंड पिवळं होतं. लगेच." आणि त्यांनी स्वतःच्या बोटाकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं.

आता नव्या जिल्ह्याचं. आमच्याकडे अधूनमधून नव्या जिल्ह्याची हवा सुटते. आमचा भाग मोठा, कचेरी लांब, म्हणून जिल्हा तोडून नवा करणार, अशी बातमी कुठून तरी येते. मग मुख्यालय कुठं यावर समित्या बसतात, फलक लागतात, उपोषणं होतात. त्या उन्हाळ्यात हवा जोरात होती, आणि बोरसांगवी आणि पिंपळदरी दोघीही मुख्यालयाच्या नवऱ्या म्हणून बाशिंग बांधून बसल्या होत्या.

इकडे गेममध्येही तोच प्रश्न निघाला. लांबच्या प्रांतांतली गळती थांबवायची तर तिकडे एक उपराजधानी बांधता येते. तिच्या आसपासच्या प्रांतांचा कर मग नीट पोचतो. कुठं बांधायची ते साहेबांनी ठरवायचं होतं. या गेममध्ये प्रांतांची नावं बदलता येतात. गजाननने तिकडच्या एका प्रांताला बोरसांगवी नाव देऊन टाकलं होतं, इम्रानने शेजारच्याला पिंपळदरी.

साहेबांनी आठवडाभर विचार केला. दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती, दुपारी आले आणि म्हणाले, "पिंपळदरी. मध्यवर्ती आहे. दोन रस्ते मिळतात."

नकाशात पिंपळदरीवर सोनेरी तारा उमटला. इम्रान खुर्चीवर उभा राहून नाचला आणि त्याने फोटो काढला. फोटोत लोणेसाहेब, हातात माऊस, डोळ्यांवर चष्मा. पुढे नकाशा, त्यावर इंग्रजी अक्षरांत पिंपळदरी आणि तारा. शेजारी बोरसांगवी, त्यापुढे लालबुंद तोंड आणि कर अतिउच्च, कारण तिथली पट्टी गजाननने मागेच टोकाला नेली होती आणि साहेबांची नजर तिथवर पोचायची होती. मागे भिंतीवर माझ्या इन्स्टिट्यूटचं नाव. इम्रानने तो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'साहेबांनी ठरवलं!'

त्याने मस्करी केली होती. पण दुष्काळात माणसाला हसायला वेळ नसतो, आणि महसूल खात्यातल्या माणसाचा चेहरा तिकडच्या प्रत्येकाच्या ओळखीचा.

रविवारी दुपारी साहेब आणि दोघं पोरं खेळत बसले असताना बाहेर दोन जीपगाड्या थांबल्या. पंधरा-वीस माणसं उतरली. पुढे पांढऱ्या सफारीत नानासाहेब, बोरसांगवीचे मोठे कापड दुकानदार, जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष आणि गजाननचे चुलत काका. त्यांच्या हातात दोन निवेदनं होती, एक निषेधाचं आणि एक विनंतीचं. प्रसंग पाहून कुठलं द्यायचं ते ठरणार होतं.

साहेबांनी घाईने गेम बंद करायला हात घातला. गजानन ओरडला, "साहेब, सेव्ह न्हाई केलं!" आणि नकाशा जागच्या जागी राहिला.

"हेच ते साहेब," नानासाहेब म्हणाले. "हाच तो नकाशा. साहेब, पिंपळदरीला सकाळपासून फटाके फुटून राहिले. आमची बाजारपेठ बंद हाय. निर्णय झाला का न्हाई, तेवढं सांगा."

मला लोणेसाहेबांची अडचण कळली. हा सरकारी नकाशा आहे म्हणावं, तर सरकारी गुपित टायपिंगच्या दुकानात फोडलं म्हणून नोकरी जाणार. खेळ आहे म्हणावं, तर टँकरच्या कामावरचा माणूस दुष्काळात खेळत बसतो म्हणून जाणार. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मीच बोलले.

"नानासाहेब, हा गेम आहे."

"हाव, गेमच झाला आमचा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली.

वर्गात गलका झाला की मी पट्टी टेबलावर आपटायची. ती पट्टी अजून होती. आपटली. माणसं गप्प झाली, कारण त्यातली चार-पाच माझ्याकडेच टायपिंग शिकलेली होती.

"बसा सगळे. दाखवते."

ते टायपिंगच्या जुन्या बाकांवर ओळीने बसले. मी पहिल्यापासून सांगितलं. प्रांत कसा जिंकतात, तोंडं कशी रंग बदलतात, फौज किती खाते, गळती कुठं होते, उपराजधानीने ती कशी थांबते. नानासाहेब व्यापारी माणूस, त्यांना सगळ्यांच्या आधी समजलं.

"म्हंजे दुसऱ्या गावात नवं दुकान टाकलं तर पयल्या सालात गल्ल्यात काही येत न्हाई. नोकर अन् भाडंच खातंय. तसंच का बाई?"

"अगदी तसंच."

"अन् आमचं गाव जिंकलं कुणी?"

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "मी, काका."

नानासाहेब वळले. "तू? आपलंच गाव?"

"नाव मागून दिलं काका, आधी जिंकलं. लई सोपं होतं. एका टर्नमध्ये पडलं."

"एका टर्नमध्ये?" नानासाहेबांचा चेहरा पडला. "अन् पिंपळदरी?"

"चार लागल्या."

"चार कशापायी? त्यांच्यात काय हाय असं?"

"तटबंदी होती काका."

बाकांवर नाराजी पसरली. मुख्यालय गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि आपल्या गावाला तटबंदी का नव्हती यावर चर्चा पेटली. कुणी म्हणालं, मागच्या सरपंचानं निधी आणलाच न्हाई. माजी सरपंच पारूबाई तिथंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या टायमाला मागितलीच न्हाई कुणी."

शेवटी नानासाहेब उठले. त्यांनी निषेधाचं निवेदन घडी करून खिशात घातलं आणि विनंतीचं साहेबांपुढे धरलं.

"साहेब, जिंकलं ते जिंकलं. मुख्यालय न्यायचं तर न्या. पण दुष्काळ पडलाय अन् कर अतिउच्च? हे काही बरोबर न्हाई."

साहेबांनी सवयीने निवेदन घेतलं, वाचलं, आणि दुय्यम प्रतीवर 'पोहोच' म्हणून सही केली. मग म्हणाले, "गजानन, फौज कमी करावी लागेल."

"करा साहेब."

पट्टी खाली आली. अतिउच्चवरून जास्त, मध्यम, कमी, आणि मग पार शून्यावर. साहेबांनी टर्न संपवली. तोंड लालच. आणखी एक. पिवळं. माणसं बाकांवरून उठून स्क्रीनभोवती गोळा झाली, कुणाचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आणखी एक टर्न, आणि बोरसांगवीचं तोंड हिरवं झालं, हसलं.

टाळ्या पडल्या. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये तशा टाळ्या कधी पडल्या नाहीत. नानासाहेबांना साहेबांच्या अंगावर शाल घालायची होती, पण ती जीपमध्ये राहिली होती, म्हणून त्यांनी हात जोडले.

पारूबाई पुढे आल्या. "साहेब, पाण्याची पट्टी कोणती? ती बी सरकवा की जरा वर."

साहेबांनी खरोखर शोधली. सगळे कप्पे उघडले, शेतीचा, बाजाराचा, देवळांचा. मग म्हणाले, "नाही मावशी. ह्यात पाणी दिलेलं नाही."

"ह्यात बी न्हाईच का," पारूबाई म्हणाल्या आणि हसल्या. सगळे हसले. मीही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

इथंच मिटायचं. पण जाता जाता गजाननने काकांच्या सांगण्यावरून हिरव्या तोंडाचा फोटो काढून बोरसांगवीच्या ग्रुपवर टाकला. 'सारा माफ. साहेबांचा निर्णय.' संध्याकाळी तिकडेही फटाके फुटले. सोमवारी तलाठ्याच्या दारात रांग लागली, लेखी द्या म्हणून.

साहेबांना खुलासा मागणारी नोटीस आली. बुधवारी ते माझ्याकडे आले, दोन दिवसांत आणखी वाळलेले. कचेरीत कुणाकडून टाईप करून घ्यायची सोय नव्हती. ते सांगत गेले, मी टाईप करत गेले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं टायपिंग.

'सविनय खुलासा सादर की, सदर बोरसांगवी ही मौजे बोरसांगवी नसून त्याच नावाचा काल्पनिक प्रांत आहे. तो चि. गजानन यांनी जिंकला असून सदर जिंकण्याशी या कार्यालयाचा संबंध नाही. करमाफी केवळ काल्पनिक खातेदारांना लागू असल्याने शासनाच्या तिजोरीवर कोणताही भार पडत नाही. प्रकार सुट्टीच्या दिवशी घडला आहे.'

"शेवटी लिहू का," मी विचारलं, "की माफीनंतर काल्पनिक जनता समाधानी आहे?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. "लिहा. खरं आहे ते."

तो आठवडा वाईट गेला. पोरं गेम उघडायची आणि नुसती बसायची. इम्रानने तर पिंपळदरीचा तारा पुसू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

पुढच्या आठवड्यात साहेब आले ते पायऱ्या दोन-दोन चढत. नोटीशीचा निकाल हातात. वरिष्ठांनी लिहिलं होतं, 'खुलासा मान्य. पुन्हा असे घडू नये.' आणि त्याखाली, स्वतःच्या हाताने, 'तथापि मुख्यालय पिंपळदरीच का, याबाबत स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा.' वरिष्ठांची सासुरवाडी बोरसांगवी, हे आम्हाला मागाहून कळलं.

"मॅडम, अहवाल मागितलाय," साहेब म्हणाले. "माझ्याकडे. माझं मत. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच."

आम्ही तो अहवाल दोन संध्याकाळी टाईप केला. सासुरवाडीचं कळल्यावर मी सुचवलं की साहेब, बोरसांगवी करून टाका, कुणाचं काय जातं. साहेब म्हणाले, "दोन रस्ते पिंपळदरीला मिळतात, मॅडम. ते मी कसे हलवू?" आणि पिंपळदरीच ठेवली. अहवाल वर गेला. वरून आणखी वर गेला असं ऐकलं. नवा जिल्हा आजतागायत झालेला नाही, आणि कॅफेही मी पुढे दोन-तीन वर्षांत बंद केला.

पण अहवाल गेला त्यानंतरचा रविवार मला राहून राहून आठवतो. साहेब पोरांच्या आधी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. गजानन आला तसं त्याला म्हणाले, "आज एखादा प्रांत जिंकू या का?"

गजानन बघतच राहिला. "साहेब, फौज तर तुम्ही घरी पाठवली."

"असेल तेवढी घेऊ."

होती तेवढी घेतली. इम्रानने जहाजं लावली. साहेबांनी स्वतः चढाईचं बटण दाबलं, पंचनामा नाही, प्रस्ताव नाही, काही नाही. पहिल्याच लढाईत फौज कापली गेली. शेजारचा राजा टपूनच होता, तो आत शिरला, आणि दुपारच्या चहापर्यंत आमचं सगळं राज्य बुडालं. पोरं डोकं धरून बसली.

साहेबांनी चष्मा पुसला, माझा हिशोब चुकता केला आणि उन्हात बाहेर पडले. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांची शीळ ऐकू येत होती.